दगडीबाईचं लाटणं

दगडीबाईने शिव्या सोडल्या त्याला वर्ष होत आलं, तरी धाबेखेड्याच्या बायकांना अजून त्याची सवय झाली नव्हती.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आलेली. विहिरीत बादली सोडली की आधी दोर संपायचा, मग खडकावर पत्रा आपटल्याचा आवाज यायचा, आणि वर यायचं त्यात पाणी थोडं नि चिखल फार. आखाजीच्या घागरीत वाडवडिलांना असलं गढूळ पाणी कसं द्यायचं, यावर बायकांची कुजबुज चाललेली. तेवढ्यात शेजारच्या लोटनची सून उषा घसरली आणि दगडीबाईची भरलेली कळशी कलंडली. पहाटेपासून वाट बघून, ओंजळ ओंजळ करून भरलेली कळशी.

विहिरीवर सगळं जागच्या जागी थांबलं. उषाने डोळे मिटून घेतले. एरवी दगडीबाईची शिवी उषाच्या माहेरापासून निघाली असती, तिच्या सासऱ्याच्या बकरीला शिवून पोलीस पाटलापर्यंत गेली असती, आणि वाटेत कुणाला सोडलं नसतं. पण दगडीबाईने पदराने पाय पुसले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय. सावकाश भर."

उषाला रडूच आलं. "अक्का, तुले बरं नही का वं?"

बरं नव्हतंच म्हणा. दगडीबाईचा नवरा चिंधा तर रोज तक्रार करायचा. म्हणायचा, "पहिले तुन्या शिव्या ऐकू येत तव्हय समजे का घरमा माणूस शे. आते नुसतं भांडं वाजस." गावातल्या म्हशीसुद्धा तिला वाट देईनाशा झाल्या होत्या. पण दगडीबाईने गौराईची आण घेतली होती, आणि ती कारणाशिवाय घेतलेली नव्हती.

ते कारण असं. धाबेखेडे आणि उंबरदरे ही दोन गावं खारी नाल्याच्या दोन काठांवर समोरासमोर बसलेली. नाल्यावर आडवा एक जुना बांध. त्याचं एक टोक या गावात, दुसरं त्या गावात. बांध गाळाने इतका भरला होता की उन्हाळ्यात पोरं त्यात क्रिकेट खेळायची आणि पावसाळ्यात पाणी वरून सरळ निघून जायचं. बांध रिकामा झाला तर दोन्ही गावांच्या विहिरी जित्या होणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. पारोळ्याची एक संस्था होती, ती गाळ उपसायला पोकलेन मशीन द्यायला तयार होती. डिझेल आणि ट्रॅक्टर गावांनी घालायचे, गाळ आपापल्या शेतात न्यायचा. अट एकच, दोन्ही गावांनी बसून हो म्हणायचं. आणि दोन्ही गावं सगळं करत होती, बसत तेवढी नव्हती.

संस्थेतर्फे अभिमन सर येत. काडीसारखा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत नेहमी एखादं पुस्तक. पाणी मागायचं तरी असं मागत, जणू पाणी नसलं तरी चालेल. सहा वर्षांपूर्वी त्यांनी बायकांचं मंडळ सुरू केलं, तेव्हा पहिल्या बैठकीत सगळ्या एकदम बोलायला लागल्या. सरांनी बोट वर केलं, ते कुणी पाहिलं नाही. जरा खाकरले, ते कुणी ऐकलं नाही. शेवटी दगडीबाईच्या ओट्यावर पडलेलं लाटणं त्यांनी उचललं आणि म्हणाले की ज्याच्या हातात लाटणं असेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग लाटणं पुढे द्यायचं.

बायकांना वाटलं, खेळ आहे. पण खेळ चांगला जमला. सुनेच्या हातात लाटणं आलं की सासूला ऐकावं लागे, आणि गावात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. लाटणं फिरता फिरता रेशनच्या काट्यावर बोलणं झालं, शाळेच्या कुलूपबंद संडासावर बोलणं झालं. बोलणं संपलं की बायका उठून जात, आणि काटा सरळ होई, कुलूप निघे. सर काही करत नसत. कोपऱ्यात बसून ऐकत, चहा पीत. दगडीबाईचा चहा शेवटच्या घोटापर्यंत पीत आणि कपबशी स्वतः धुऊन ठेवत. आपण इथे नक्की काय करतो, असा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडत असावा, असं त्यांच्या तोंडावर दिसे.

मग गेल्या वर्षी बांधासाठी दोन्ही गावांची सभा ठरली. धाबेखेड्याच्या मारुतीपुढे मंडप, खुर्च्या, बॅनर. पाहुण्यांपुढे लाटणं काय बरं दिसणार, म्हणून दगडीबाईने ते घरीच ठेवलं, आणि सरांनीही पारोळ्याहून माइक आणला. उंबरदऱ्याहून भाईदास आबा आले. त्या गावचा मोठा माणूस, सगळं गाव त्यांच्या शब्दावर चालायचं. आबा उभे राहिले, माइक धरला, "आमनं म्हननं असं शे का," म्हणाले आणि थांबले. मिशीवरून हात फिरवला. पुन्हा खाकरले. दगडीबाईला शांतता कधी सोसलीच नव्हती. खालूनच म्हणाली, "बोला ना आबा. सभाले उनात का मयतले?"

सभेला आलात की मयतीला, हे ऐकून मंडप हसला. आबांनी माइक खुर्चीवर ठेवला आणि चालते झाले. त्यांच्या मागून त्यांची माणसं. सभा मोडली, मशीन आलं नाही. गावाने वर्षभर दगडीबाईच्या नावाने बोटं मोडली की हिच्या तोंडाने पाणी गेलं. दगडीबाईलाही ते खरं वाटलं. तिने देवळीतलं लाटणं हातात धरलं आणि गौराईपुढे म्हणाली, "आते या तोंडमाईन शिवी निंघाव नही."

आखाजीच्या आदल्या दिवशी सर आले ते तोंड उतरवूनच. ओट्यावर बसले. मशीन सणानंतर सावद्याकडे जाणार, असं संस्थेच्या मोठ्या ऑफिसात ठरलं होतं. आणि धाबेखेड्यातलं कामही या उन्हाळ्यात बंद करून सरांनी परतायचं होतं. सगळं सांगताना ते चष्मा पुसत राहिले. उंबरदऱ्याला किती निरोप धाडले, एकाचंही उत्तर नाही, म्हणाले. दगडीबाईने चहा दिला. सर प्याले, छान झालाय म्हणाले. त्यांची मोटरसायकल पंक्चर झाली होती आणि सणामुळे दुकानं बंद, म्हणून ते त्या रात्री देवळाजवळच्या खोलीत राहिले. नाहीतर आखाजीला ते कधी गावात नसत. सणासुदीला लोकांच्या मध्ये मध्ये नको, असं त्यांना वाटे.

आता आखाजीचं सांगायला हवं. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात. पुरुष सकाळपासून पत्ते घेऊन बसतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी उठवत नाही. दुपार कलली की दोन्ही गावच्या बायका गौराई घेऊन नाल्याच्या आपापल्या काठावर येतात आणि समोरच्या गावाला शिव्या देतात. वर्षभर पोटात साठलेलं त्या दिवशी ओरडून मोकळं करायचं. राग कुणी घरी न्यायचा नाही. आणि नाल्यावर जी गोड शब्द बोलली ती हरली, असा नेम. दगडीबाई उभी असेतो धाबेखेडे कधी हरलं नव्हतं.

या वर्षी ती येईना. बायका दाराशी बसल्या, पाया पडल्या. ती सांजोऱ्या लाटत राहिली. शेवटी नुसती बघायला येते, असं म्हणत लाटणं कमरेला खोचून ती निघाली, ते पीठ भरल्या हातांनीच.

नाल्यात ऊन असं होतं की रेतीकडे बघवत नव्हतं. सर एका निंबाखाली छत्री उघडून बसले होते. पलीकडे भाईदास आबांची भावजय भागाबाई पदर खोचून पुढे उभी. उंबरदऱ्याची तोफ ती.

"ओ धाबेखेडानी भवान्याहोन," भागाबाईचा आवाज आला, "तुमनी अक्का कोठे शे? तिनी जीभ सरनी पिशवीमा ठी दिधी का?"

इकडच्या बायका दगडीबाईकडे बघू लागल्या. दगडीबाई पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग उषा धीर करून पुढे झाली आणि ओरडली, "तुमना गावनं वांगं कडू शे!"

पलीकडून हशा आला. "आमनं वांगं कडू का असेना," भागाबाई म्हणाली, "तुमनं भरीत तं मांगेल वांगानंच व्हस ना वं."

धाबेखेड्याची पार धूळधाण चालली. तुमचा कोंबडा दुपारी आरवतो तेव्हा तुमचे पुरुष उठतात, असं झालं. तुमच्या भाकरी बघून चंद्र लाजतो, कारण त्यालाही एवढे डाग नाहीत, असंही झालं. उषा धावत सरांकडे गेली. सर, अक्काला शपथेतून सोडवा, म्हणाली. सर गोंधळले, छत्री मिटून उठले आणि दगडीबाईजवळ आले.

"शिव्या सोडा असं मी कधी म्हटलंच नव्हतं, दगडीबाई," ते हळू म्हणाले. "एकाने बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, एवढंच म्हटलं होतं."

"मंग वरीसभर काबर बोलनात नही?"

"मला वाटलं, तुम्हाला शांत राहणं आवडायला लागलंय."

दगडीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभरातली पहिली शिवी तिच्या जिभेच्या टोकाशी आली होती. पण माणूस पाहुणा. तिने गिळली. गौराईला मात्र मनातल्या मनात म्हणाली की आई, आण मी घेतली ती सभेसाठी घेतली होती, नाल्याचं त्यात काही बोललेच नव्हते. गौराई काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं असावं.

तिकडे एव्हाना दोन्ही काठ एकदम ओरडत होते. कोण काय म्हणतंय काही कळत नव्हतं. भागाबाई हात नाचवून काहीतरी सांगत होती. त्यातला 'सभा' एवढाच शब्द दगडीबाईच्या कानी पडला, मग 'मोबाईल', मग पुन्हा गलका. सहा वर्षांची सवय कुठे जाते. तिने कमरेचं लाटणं उपसलं आणि हात मागे नेऊन फेकलं.

दोन्ही काठ गपकन थांबले. लाटणं उन्हात गिरक्या घेत नाला ओलांडून गेलं. भागाबाईने ते दोन्ही हातांनी झेललं.

"मले मारस का वं?"

"मारनं व्हतं तं पाटा फेकती," दगडीबाई ओरडली. "धर ते हातमा अन बोल. ते जिना हातमा, तीच बोली. बाकीन्या बठ्ठ्या तोंडले कुलूप लावतीन. बोल, फुटेल ढोल, काय म्हनत व्हती तू?"

शिवी निघाली होती. इकडच्या काठावर दोघी-चौघींनी डोळ्यांना पदर लावला.

भागाबाईने लाटणं उलटसुलट करून पाहिलं. एवढी शांतता तिलाही नवी होती. मग म्हणाली, "लगीनले बलावतस तं कुंकू लावतस. मयतले बलावतस तं माणूस धाडतस. अन तुमना सभाले आमले कसं बलावं? मोबाईलमा टिंग वाजाडं. आमना आबा म्हने, मी काय कुत्रं शे, टिंग वाजनी का शेपूट हालावत जासू? तरी बिचारा गया. तेच सांगाले गया व्हता का दारसे येवाले पाय नही का तुमले. सांगाले उभा ऱ्हायना, तं तू म्हने मयतले उनात का."

निंबाखाली परतलेल्या सरांनी मोबाईल काढून पाहिला. तो निरोप त्यांनीच धाडला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर, खाली हात जोडल्याचं चित्र लावून. आणि त्यानंतर जे निरोप गेले, तेही तसेच. मोठ्या माणसाच्या दारात आगंतुकासारखं कसं जायचं, या संकोचापायी.

लाटणं परत फेकलं गेलं. दगडीबाईने ते झेललं आणि तिची पंचाईत झाली. चूक तर कबूल करायची होती, पण नाल्यावर गोड शब्द बोलायचा नाही. दोन्ही काठ तिच्या तोंडाकडे बघत होते.

"ऐक वं, जयेल तवा," ती सावकाश म्हणाली. "तुना आबा भोपया शे. वायेल भोपया, आतमा बिया वाजतस. पन त्या भोपयाले मी वाजू दिधं नही. मंग त्याना पेक्षा बिनअकलनी मी शे. अन मना पेक्षा बिनअकलनी तू, का वरीसभर हाई गोट पोटमा ठेवी अन फुगनी, पन नाला उतरी सांगाले उनी नही."

भागाबाई जरा विचारात पडली. माफी मिळाली की शिवी, हे ती तोलत असावी. मग तिने हात पुढे केला, "फेक लाटणं," म्हणाली.

त्यापुढे लाटणं किती वेळा नाला ओलांडून गेलं त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. तुमची जमीन इतकी खडकाळ की उंदीरही नांगर घेऊन येतो, तेव्हा आधी गाळ तुम्ही न्या मेल्यांनो, असं इकडून झालं. तुमचे ट्रॅक्टर म्हातारीसारखे खोकतात, ते काय वाहणार, चढावरच्या खेपा आमचे ट्रॅक्टर करतील, असं तिकडून आलं. डिझेलचा अर्धा अर्धा वाटा तर इतक्या घाण शब्दांत ठरला की सरांनी पिशवीतून पेन काढलं होतं ते पुन्हा आत ठेवलं. मध्ये एकदा लाटणं रेतीत पडलं. ते उचलायला उंबरदऱ्याची नवी सून नूतन उतरली. लाटणं हातात आलंच आहे म्हणून ती भीत भीत बोलली, की बांधाच्या कडेला बायकांना धुणं धुवायला पायऱ्याही हव्यात. तिच्या सासूने तोंड उघडलं आणि लाटण्याकडे बघून मिटलं. पायऱ्या ठरल्या.

राहिलं होतं ते बोलावणं. दगडीबाईने गौराईच्या ताटातलं कुंकू आणि तांदूळ घेतले आणि नाल्यात उतरली. पलीकडून आबांना पत्त्यांवरून उठवून आणलं होतं. त्यांच्या हातात पानं तशीच होती. डाव चांगला लागला होता म्हणे. नाल्याच्या मध्यावर, तापल्या रेतीत, दगडीबाईने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, तांदूळ टेकवले.

"सकायले आठेच रेतीमा सभा शे, आबा. या. नही उनात तं हाईच लाटणं लई घर येसू."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. या वेळी दगडीबाई थांबली. किती थांबली. घशाशी आलेलं तीनदा मागे लोटलं.

"खुर्च्या नको," आबा शेवटी म्हणाले. "मले रेतीमाच बठाले आवडस."

दोन्ही गावच्या पुरुषांना दिवेलागणीला कळलं की आपले ट्रॅक्टर दुपारीच कबूल झालेत. पण पत्त्यांतून उठून हे विचारायला कोण जाणार होतं.

सकाळी ऊन चढायच्या आत सभा भरली. बॅनर नाही, माइक नाही. दोन्ही गावं रेतीत मांडी घालून. लाटणं आधी आबांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "पोटमा सडेल गोट ठी अन वरथीन गोड बोलनं, यामाच वरीस गयं. आते कमिटी करसूत ते एक नेम करा. सभा बसनी का पहिले जेनी तेनी शिवी दी मोकया व्हवाचं, मंग कामनं बोलाचं." असला नेम संस्थेच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता, पण हात सगळे वर झाले. मग कमिटी झाली, दोन्ही गावांची, अर्ध्या बायका. सर बांधावर चढून एका पायावर उभे राहिले, कारण रेंज तिथेच यायची, आणि ऑफिसशी बोलले. खाली उतरले तेव्हा त्यांच्या तोंडावरूनच कळलं. सावद्याला निघालेलं मशीन आधी इकडे वळणार होतं.

सभा उठायला लागली तशी भागाबाईने हात आडवा केला. "थांबा. बठ्ठासले शिवी भेटनी. एक माणूस कोरडाच ऱ्हायना."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मागे वळून पाहिलं, की मागे कुणी आहे का. दगडीबाईने लाटणं घेतलं, आणि आदल्या दिवशी गिळलेली शिवी जिथली तिथे सापडली.

"ओ अभिमन सर. सहा वरीस व्हई गयात, तुम्हीन पाहुनागत येतस अन पाहुनागत जातस. आखाजी उनी का मांजरगत पारोयाले पयतस. पुस्तकं वाची वाची डोया गयात, अन समोरनी बाई वरीसभर मुकी बठेल शे, ती दिसनी नही. आमले बोलाले शिकाडं, अन सोता तोंड शिवी बठनात. कपाट शे तुम्हीन, वायवी लागेल कपाट, अन वरथीन कुलूप."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उषा घाबरली, म्हणाली की सर, आखाजीचं मनाला लावून घ्यायचं नसतं, उलटून द्यायचं असतं. सरांनी हात पुढे केला. दगडीबाईने लाटणं त्यांच्या हातात दिलं. सहा वर्षांत ते बायकांच्या हातात ठेवून झालं होतं, आपल्यासाठी त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं.

ते त्यांनी छातीशी धरलं. "दगडीबाई," ते म्हणाले आणि थांबले. दोन्ही गावं पुढे वाकली. "तुमचा चहा. सहा वर्षं सांगीन म्हणतोय. तुमचा चहा अतिशय वाईट असतो."

आधी चिंधा हसला, कारण तीस वर्षं त्याला हेच म्हणायचं होतं. मग नाला हसला. आबा रेतीत आडवे झाले.

"एवढंच?" भागाबाई डोळे पुसत म्हणाली. "सर अजून कच्चा शेतस. यासले आनखी सहा वरीस आठेच गावमा ठेवनं पडी."

सरांनी लाटणं लगेच परत दिलं नाही. ते मिळाल्यावर दगडीबाईने कमरेला खोचलं, पदर झटकला आणि सगळ्या सभेसाठी चहा ठेवायला निघाली. तसलाच.